मागच्या गेटाजवळचा सरवा

दिल्लीला जायचं ठरलं ते एका फोनवर, आणि तेही मी 'बघू' म्हणत असताना. माझी धाकटी बहीण करुणा द्वारकेत राहते. ती म्हणाली, यंदा द्वारकेतल्या मराठी ख्रिस्ती कुटुंबांनी हंगामाचा सण करायचं ठरवलंय, तिच्याच फ्लॅटमध्ये, आणि शास्त्रपाठ, म्हणजे बायबलमधला उतारा, स्नेहल वाचणार आहे. स्नेहल म्हणजे तिची मुलगी. नववीत आहे, जन्म दिल्लीचा, मराठी जेमतेम. "ताई, तिचं वाचन तूच बसवून घे. मी सांगितलं की भांडणच होतं." मी नगरच्या एका शाळेत सव्वीस वर्षं मराठी शिकवते. असलं आमंत्रण मला नाकारता येत नाही, हे तिला पक्कं ठाऊक आहे.

ज्यांना हा सण माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. आमच्या नगरकडच्या मंडळ्यांमध्ये सुगीनंतर एका रविवारी लोक आपल्या रानातलं पहिलं पीक देवळात, म्हणजे चर्चमध्ये, घेऊन येतात. ज्वारीची कणसं, भोपळे, हरभऱ्याचे डहाळे, कुणी जिवंत कोंबडीसुद्धा. मग ती कोंबडी उपदेशाच्या मधेमधे आपलं मत देत राहते आणि पोरं खुसखुसतात. सहाव्या मजल्यावर राहणारी, सरकारी कचेऱ्यांत फायली हलवणारी माणसं हा सण कशी करणार, याची मला भारी उत्सुकता होती.

अडचण एकच, माझी चिंच. फेब्रुवारीत माझ्या अंगणातल्या झाडाखाली रोज सडा पडतो आणि रोज सकाळी खराटा घेऊन मी तो शेवटच्या चिंचेपर्यंत गोळा करते. भंगार वेचणारी एक बाई माझं आवरेपर्यंत फाटकाशी थांबून असते, मग पुढे जाते. शेजारच्या काकूंना किल्ली दिली, चिंचा तेवढ्या उचला म्हणून चारदा बजावलं, किलोभर चिंच सणासाठी पिशवीत भरली आणि निघाले.

नगरहून थेट दिल्लीची गाडी मिळते, साधारण एक दिवस-रात्र लागते. दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी घरून घ्या. मनमाडनंतर गाडीत मिळतं ते खाऊन आजारी पडायची हौस असेल तर गोष्ट वेगळी. आणि स्वेटर घ्याच. मी फेब्रुवारीत कसली थंडी म्हणून एक शाल घेऊन गेले आणि आग्र्याच्या पुढे ती पुरेना. समोरच्या बाकावरच्या सरदारजींनी आपली घोंगडी देऊ केली, मी आढेवेढे घेऊन घेतली.

नवी दिल्ली स्टेशनवर विजयराव, म्हणजे करुणाचे यजमान, घ्यायला आले होते. तिथूनच मेट्रो धरायची, राजीव चौकात बदलायची आणि द्वारकेपर्यंत बसायचं. ही निळी लाइन द्वारकेला नुकतीच आलीय, अजून सगळं कोरं करकरीत आहे. टोकन जपून ठेवा, बाहेर पडताना ते यंत्राला परत द्यावं लागतं. मी माझं रुमालात गाठ मारून ठेवलं होतं आणि गाठ सुटेपर्यंत मागे रांग लागली. "आंटीजी, आराम से," मागचा मुलगा म्हणाला, पण त्याच्या आवाजात आराम नव्हता.

द्वारका म्हणजे सेक्टर आणि सोसायट्या. एकसारख्या उंच इमारती, वरून दर पाच मिनिटांनी पोटातली चाकं बाहेर काढून उतरणारी विमानं, आणि मध्येच कुठेतरी मोहरीचं पिवळं धमक शेत, ज्यावर अजून कुणी इमारत बांधलेली नाही. करुणाच्या सोसायटीतही मागच्या भिंतीला लागून एक लांबलचक पट्टी रिकामी आहे. पुढेमागे तिथे पार्किंग होणार म्हणे. सध्या तिथे गवत आणि चाकवत मोकाट वाढलाय. ताकातली चाकवताची भाजी आठवून बाल्कनीतच माझ्या तोंडाला पाणी सुटलं. त्या चाकवतात घागरा घातलेली एक म्हातारी वाकून खुडत होती, ओढणीच्या ओच्यात भरत होती.

"ती भतेरी," विजयराव चहा देत म्हणाले, आणि त्यांचा चेहरा पडला. त्यांच्या मागचं लचांड मला तेव्हा कळलं. विजयराव सोसायटीचे सेक्रेटरी. महिन्याभरापूर्वी कुणाची तरी सायकल चोरीला गेली आणि मागच्या गेटाला कायमचं कुलूप लावायची मागणी झाली. रविवारी संध्याकाळच्या सभेत तो ठराव येणार होता. ही सोसायटी उभी आहे ती जमीन पूर्वी शेजारच्या गावाची, आणि मागची पट्टी ज्या शेताची ते भतेरीच्या घरचं. सरकारनं घेतलं, मोबदला मुलांनी वाटून घेतला, आणि म्हातारी रोज सकाळी मागच्या गेटातून येऊन बथुआ, म्हणजे आपला चाकवत, खुडून नेते. थोडा घरी, थोडा जुड्या बांधून सेक्टरच्या बाजारात. "कुलूप लागलं की तिचं येणं बंद," विजयराव म्हणाले. विजयराव मनानं चांगले, पण तीस वर्षं सरकारी नोकरी केलेले. कुणी दुखावलं जाणार असेल तर ते आधी फाइल उघडतात.

दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, स्नेहलला सुट्टी होती. मेट्रोनं बाराखंबापर्यंत, पुढे ऑटोनं कोपर्निकस मार्गावरच्या महाराष्ट्राच्या अतिथिगृहात जायचं, विजयरावांबरोबर जेवायचं, असा बेत. (झुणका बरा होता. भाकरी बघून मात्र मला रडू आलं, चवीमुळे नव्हे, जाडीमुळे.) वाटेत मेट्रोत स्नेहलनं पाठ वाचून दाखवला. शास्त्रातली रूथची गोष्ट. परमुलखातली तरुण विधवा, सासूबरोबर बेथलेहेमात येते, घरात खायला काही नाही, म्हणून कापणी करणाऱ्यांच्या मागोमाग दुसऱ्याच्या शेतात जाते. पोरगी बरी वाचत होती. आणि मग तिनं वाचलं की रूथ शेतात जाऊन "सर्व" वेचू लागली.

मी पुस्तक ओढून घेतलं. "सरवा" या शब्दावर तिनं पेन्सिलनं काट मारून वर व्यवस्थित "सर्व" लिहिलं होतं.

"प्रिंटिंग मिस्टेक होती ना मावशी, मैंने ठीक कर दी," ती म्हणाली. आणि मग, खरंच पडलेला प्रश्न विचारावा तसं, "पण यार, हे तर चोरी झाली. सगळंच उचललं तर शेतवाला काही बोलला नाही?"

सव्वीस वर्षांत अनेक चुका तपासल्यात, पण शास्त्राचं शुद्धलेखन दुरुस्त करणारी विद्यार्थिनी हीच पहिली. हसू आवरून मी तिला समजावलं. पीक काढून झालं की रानात जे दाणे, जी कणसं मागे राहतात तो सरवा. त्या काळचा नियम असा की शेतवाल्यानं कडेपर्यंत कापायचं नाही, आणि पडलेलं उचलायला मागे फिरायचं नाही. ते गरिबाचं, विधवेचं, परक्या मुलखातून आलेल्याचं. म्हणजे भीक नाही. वेचणारीनं कुणापुढे हात पसरायचा नाही, स्वतः वाकायचं आणि वेचायचं. "सर्व आणि सरवा यात सगळा फरक तोच आहे बघ," मी म्हटलं, जरा शाळेतल्या बाईंसारखंच.

"तुला कसं माहीत इतकं?"

"आजी वेचायची की तुझी."

स्नेहल माझ्याकडे बघत राहिली. तिनं आजीचा फोटो पाहिलेला, पांढरं लुगडं, चष्मा, मांडीवर शास्त्र. आपली आजी लोकांच्या रानात दाणे वेचत होती हे तिला कुणी सांगितलेलंच नव्हतं. आमचं स्टेशन गेलं आणि दोघींना पुढच्या स्टेशनवरून परत यावं लागलं.

रात्री जेवताना पोरीनं ते सगळं उत्साहानं बोलून टाकलं. करुणा ताटं उचलायला लागली. मागाहून स्वयंपाकघरात मला हळूच म्हणाली, "ताई, इथं कुणाला माहीत नाही. कशाला काढायचं ते?" मी चिडले. म्हटलं, त्या दाण्यांवर तू आणि मी वाढलो, त्यात झाकण्यासारखं काय आहे? ती फडक्यानं ओटा पुन्हा पुन्हा पुसत राहिली. मग म्हणाली, की इथे आधीच लोक विचारतात तुम्ही एकमेकांना नमस्काराऐवजी 'सलाम' का म्हणता, शास्त्र मराठीत कसं, तुम्ही नक्की कोण. अजून एक प्रश्न तिला नको होता. मला तिचा राग आला होता, तो तिथेच निम्मा झाला. आई गेली तेव्हा ती बावीस वर्षांची होती, आणि दिल्लीत तिनं सगळं एकटीनं उभं केलं. तरी मी 'चुकलं' म्हटलं नाही, आणि झोपायला गेले.

शनिवारी सकाळी मी आणि स्नेहल खाली चाकवत घ्यायला गेलो. विजयरावही मागून आले, हातात एक कागद. त्यांनी तोडगा काढला होता. नोटीस हिंदीत होती: घास-फूस की सफ़ाई हेतु श्रीमती भतेरी को सुबह सात से नौ बजे तक प्रवेश की अनुमति दी जाती है. चाकवत हे तण, तण काढणं ही सफाई, सफाईला सभेत कुणी विरोध करणार नाही. त्यांनी ती भतेरीला वाचून दाखवली, आणि खरं सांगायचं तर मलाही ती युक्ती आवडली.

म्हातारीनं कंबर सरळ केली. "मैं सफ़ाई करण आळी कोनी," ती शांतपणे म्हणाली. "मैं तो साग तोड़ूं सूं. यो म्हारा खेत था." मी सफाईवाली नाही, मी भाजी खुडते, हे आमचं शेत होतं. एवढं बोलून ती पुन्हा वाकली. विजयराव कागदाची घडी घालत राहिले.

स्नेहलला काय सुचलं कोण जाणे. ती म्हातारीशेजारी उकिडवी बसली आणि हिंदीत विचारलं, फसल कटने के बाद खेत में जो दाने रह जाते हैं, उनको आप लोग क्या बोलते हो? भतेरीनं क्षणाचाही विचार केला नाही. "सिल्ला," ती म्हणाली. आणि मग सांगायला लागली, माझ्याशी नाही, त्या पोरीशीच. गहू निघाला की बायका यायच्या, गावाच्या पलीकडच्या वस्तीतल्या, टोपल्या घेऊन. शेतकरी स्वतः सिल्ला कधी उचलत नाही, तो त्यांचा. तिची सासू तर दोन पेंढ्या मुद्दाम सांडायची. "मन्नै कदे उनका नाम कोनी बूझ्या," ती म्हणाली. मी कधी त्यांची नावं विचारली नाहीत. स्वतःच्या नावाचं सांगितलं मात्र. चौथी मुलगी झाली तेव्हा बापानं 'भतेरी' ठेवलं, म्हणजे पुष्कळ झाल्या, आता पुरे. आपल्याकडे नकोशी ठेवतात तसंच, मी स्नेहलला म्हटलं. स्नेहलला ते हिंदीत कळलं आणि मराठीत पुन्हा कळलं. भतेरीनं आमच्याकरता एक मोठी जुडी बांधली.

रविवारी दुपारी सण झाला. सात कुटुंबं, सतरंजी, मधोमध टीपॉयवर 'पहिलं पीक': फ्लॉवर, बासमतीची पिशवी, स्टिकर चिकटवलेली परदेशी सफरचंदं, एका लहान मुलीनं तर आपला कॉर्नफ्लेक्सचा डबा आणला होता. स्वतःच्या अंगणातली अशी माझी एकटीचीच चिंच होती, आणि सांगायला हरकत नाही, मी ती जरा पुढे सरकवून ठेवली होती. तिच्याशेजारी भतेरीच्या चाकवताची जुडी. कोंबडी नव्हती, पण विमानं होती. दर थोड्या वेळानं गाणं त्यांच्या आवाजात बुडायचं आणि पुढच्या ओळीला वर यायचं. खूप वर्षांनी मला त्या सुरांत आईचा आवाज ऐकू आल्यासारखं झालं.

स्नेहल वाचायला उभी राहिली. तिनं पेन्सिलची काट खोडली नव्हती, फक्त वरचा 'सर्व' पुसला होता. सरवा या शब्दाशी आली, स्पष्ट वाचलं आणि थांबली. खोलीतल्या निम्म्या मुलांना तो शब्द कळला नव्हता, हे त्यांच्या चेहऱ्यांवर दिसत होतं. ती अर्थ सांगायला लागली, "सरवा म्हणजे..." आणि आईकडे बघून अडखळली.

"मी सांगते," करुणा म्हणाली.

ती बसल्या जागेवरूनच बोलली, नजर त्या चाकवताच्या जुडीवर. "बाजरी निघाली की रानात मागे राहतं ते. माझी आई वेचायची, लोकांच्या रानात. मला पाठीशी बांधून. त्याच्या भाकरी आम्ही खाल्ल्या. हा शब्द मी या घरात कधी काढला नाही, मला लाज वाटायची. म्हणून माझ्या मुलीला तो चूक वाटला."

मग कोपऱ्यातल्या एक बाई, मंत्रालयात स्टेनो आहेत, जालन्याकडच्या, म्हणाल्या की त्यांची आजी भुईमुगाच्या रानात वेचायची, त्याला त्यांच्याकडेही सरवाच म्हणतात. आणखी एक गृहस्थ म्हणाले, आमची आई पण. मी करुणाचा हात धरला. शुक्रवारचं 'चुकलं' तेव्हा म्हणून घेतलं. तिनं नुसता माझा हात दाबला, आणि आम्ही दोघी रडलो.

प्रार्थना घरच्या माणसानं करायची. विजयराव उभे राहिले, उपकार मानायला सुरुवात केली, आणि दोन वाक्यांनंतर थांबले ते थांबलेच. शेवटी नुसतं "आमेन" म्हणून बसले. मग जेवणं व्हायच्या आधीच आतल्या खोलीत जाऊन लिहीत बसले. मी पाणी द्यायला गेले तर म्हणाले, "ताई, कालच्या नोटिशीत मी 'अनुमति' दिली होती. शास्त्रातला नियम वेचणाऱ्या बाईला काहीच सांगत नाही. तो शेतवाल्याला सांगतो, तू काय करू नकोस." त्यांनी नवा कागद दाखवला. त्यात भतेरीचं नाव नव्हतं, सफाई नव्हती, अनुमतीही नव्हती. लिहिलं होतं: दीवार के साथ की पट्टी सोसाइटी न काटेगी, न कटवाएगी. पिछला गेट सुबह दस बजे तक खुला रहेगा.

सभा खाली बॅडमिंटनच्या कोर्टावर होती. मी सभासद नव्हते, पण कठड्यावर बसून ऐकायला कोण अडवणार. बरीच वादावादी झाली. सायकल पुन्हा निघाली, सिक्युरिटी निघाली, फ्लॅटचा भाव निघाला. एका निवृत्त गृहस्थांनी विचारलं, गेट उघडं ठेवायचं तर जबाबदारी कुणाची. विजयराव म्हणाले, "मेरी. सुबह मैं वहीं बैठकर अख़बार पढ़ लूँगा." तीस वर्षांत या माणसानं जबाबदारी आपल्या अंगावर घेतल्याचं मी प्रथमच ऐकलं. ठराव मंजूर झाला, पण फक्त होळीपर्यंत. नंतर पुन्हा विचार, असं ठरलं.

सोमवारी माझी गाडी होती. सकाळी खाली गेले तर विजयराव प्लास्टिकच्या खुर्चीत, कानटोपी घालून, पेपर वाचताहेत, आणि स्नेहल गेटावरची नोटीस भतेरीला वाचून दाखवतेय. म्हातारीनं पूर्ण ऐकून घेतलं. न काटेगी, न कटवाएगी, हे तिनं दोनदा वाचायला लावलं. मान हलवली. मग विचारलं, "अर होळी पाछै?"

होळीनंतर काय? स्नेहलनं वडिलांकडे बघितलं. विजयरावांनी पेपर खाली केला. भतेरी वाकून खुडायला लागली.

नगरला येऊन आता चार दिवस झाले. काल करुणाचा फोन होता. विजयराव रोज खाली बसतात, एकदा ऑफिसची बस चुकली. स्नेहलनं आजीबद्दल विचारून विचारून भंडावून सोडलंय आणि करुणा सांगतेय. होळीला अजून बारा दिवस आहेत. काय होईल ते मला माहीत नाही, पार्किंगवाले गप्प बसतील असं वाटत नाही. तुम्ही द्वारकेला गेलात तर मोहरीची शेतं आत्ताच बघून घ्या, एवढंच मी म्हणेन.

शेजारच्या काकूंनी चिंचा चोख उचलल्या होत्या, दोन डबे भरून. आज सकाळी मी सवयीनं खराटा घेऊन अंगणात गेले. रात्री वारा सुटला होता, खाली सडा पडला होता. फाटकाशी ती भंगारवाली उभी होती, माझं आवरायची वाट बघत, नेहमीसारखी. आठ-नऊ वर्षं ती तिथे उभी असते. लोकांना सरवा समजावून आलेली मी, आणि माझ्या झाडाखाली एक चिंच मी कधी मागे ठेवली नाही. मला फार शरम वाटली. मग फाटक सताड उघडलं आणि तिला नाव विचारलं.

ती दचकून दोन पावलं मागे सरली. "कशाला बाई? तक्रार करायचीय का?"

नाही म्हटलं, आणि खराटा आत नेऊन ठेवला.